डाव्या बाजूचा आवाज

५ जानेवारी
हाताने केलेलं: घराच्या खिडक्यांचे गज. विहिरीवरच्या पंपाची मोटर, दोनदा भरली. गाडीवरचं कॅरिअर. सुनंदाची डावी सीट. तिचे गुडघे वाकत नाहीत म्हणून सीटखाली लोखंडी स्टँड वेल्ड केला, चारी कोपऱ्यांत ट्रकच्या टायरचं रबर, तिला वर बसवून कानशीने घासत मापात आणलेलं. शिकवलं कोणी नाही.
आज सु.चा केमो. पनवेलहून येताना गाडी डावीकडून वाजली. टक. खड्ड्यात जाताना नाही, वर येताना. पायाखाली थरथर.
सु. म्हणाली, "अहो, मी कण्हायचं की गाडीने, ते ठरवा एकदा."

१२ जाने.
लिंक रॉड बदलली. आवाज तसाच.

२० जाने.
लोअर आर्मचे बुश नवे. चाकं बॅलन्स. तसाच. आगरदांड्याला इक्बालच्या गॅरेजात गाडी जॅकवर घेतली. तो सगळं हलवून बघून म्हणाला, "उस्ताद, खाली सगळं टाईट हाय. सीट बघितलीत काय?"
सीट मी केलीय, म्हटलं. त्याने जॅक उतरवला.

२६ जाने.
केमो. वडखळपासून प्रत्येक खड्ड्याला टक. सु. हँडल धरून. आवाजाच्या आधीच डोळे मिटते. तिच्या हाडाला लागतो तो, आणि मला सापडत नाही. वीस वर्षं ही गाडी…
दवाखान्यात वजनाला आत एकटीच गेली, मला बाहेर थांबवून. नेहमीचंच.
"किती?"
"तेवढंच."
हल्ली निऱ्या जास्त घेते. साडी फुगलेली दिसते.

२ फेब्रुवारी
माणगावला एकटाच. सु.चा भाऊ विलास, त्याच्याकडचे तांदूळ आणायला. जाताना टकटक थांबेना. येताना डिकीत नारळ, म्हणून पोतं डाव्या सीटवर, बेल्ट लावून. म्हसळ्याची वळणं, दिघीची जेटी, बोटीत चढतानाची लोखंडी फळी. एकदाही वाजली नाही.
घरी पोतं उतरवलं. रिकामी फिरवली. टक. पोतं ठेवलं. गप्प.
सु. ओट्यावरून बघत होती. "माझ्या जागी तांदूळ बसवलेत होय? बरंय, बडबड तरी करत नाहीत."
पोतं काढलं. चल, बंदरापर्यंत जाऊन येऊ, म्हटलं. ती बसली. गल्लीच्या तोंडाशीच टक.
बंदरावर गाडी बंद केली. ती होड्या बघत होती. मी स्टीअरिंग.
पोतं पन्नास किलोचं. रबर कापलं तेव्हा सु. बासष्ट होती.

३ फेब्रु.
इक्बालचं बरोबर होतं. सीट सोडून सगळं उघडलं मी.

५ फेब्रु.
नवं रबर आणलं, जाड. अर्ध्या तासाचं काम. पण माप घ्यायला तिला वर बसवावं लागणार. आताच्या वजनाला कापायचं म्हणजे…
दुपारी रबर आणि कानस बघून तीच म्हणाली, "जुनं माझ्या मापाचं होतं ना?"
हो.
"मग दुसरं कशाला कापता? थांबा थोडं. येईन मी मापात."
रात्री भाताचे दोन घास जास्त घेतले. मग सगळं उलटून पडलं. ताट मी घासलं.

६ फेब्रु.
रबर माळ्यावर टाकलं. तिच्या सीटवर एक उशी जास्त ठेवली, पाठीला. तेवढंच.

१६ फेब्रु.
केमो. वजनकाट्यापाशी आज सु.ने मला आत बोलावलं. मीच गेलो नाही.
येताना वाजली. थोडी कमी वाटली. हळू चालवत होतो, त्यामुळेही असेल. सु. म्हणाली, "आज कमी आहे, नाही?" हो, म्हटलं.
संध्याकाळी विलास आला. "भावोजी, गाडीला गिऱ्हाईक हाय. आवाजासकट नेतो म्हणतोय. ताईच्या औषधाला होतील पैसे."
नाही म्हणालो. रोख नव्वद हजार देत होता.