तुमचा कॅमेरा मी उघडला, मामा

प्रिय मामा,

आज दुपारी तुमच्या स्टुडिओत, तुमच्याच काउंटरवर, मी तुमचा कॅमेरा पेचकसनं उघडला. इचोड्यात बातमी किती जोरात पळते तुमाले माहीत हाय. दुसऱ्या कोनी चुगली कराच्या आधी मीच सांगून राह्यली. घाबरू नका! पुरं ऐका आधी.

सुरुवात तुमीच केली होती. आठवते? दवाखान्यातून घरी आनलं होतं तुमाले. खाटेवर पडले होते, अन् मी मोबाइलवर तेजोमेघाचा फोटो दाखवला. आभाळातला वायू अन् धुळीचा ढग, त्यातूनच तारे जन्मतात, असं मोठ्या ऐटीत सांगितलं. तुमी चष्मा वर करून पाह्यलं. म्हनले, "लोकायनं काढलेले काऊन दाखवतं वं? तुवा काढलेला दाखव." अन् कूस बदलली! मंग तुमी गेलेच. हे काय वागनं झालं, मामा? काम सांगाचं अन् निघून जाचं?

मामी तुमचा कॅमेरा कोनाले हात लावू देत नोती. रोज पुसून शोकेसमंधी ठिवाची. मले तेवढा दिला, कारन मी तुमच्या हाताखाली शिकली. मागच्या साली दसरा झाल्यावर जैनथच्या आमच्या वावरात, कापसाच्या कडेले धुऱ्यावर स्टँड लावला. मृग नक्षत्रात तीन तारे एका रांगेत दिसतात न, त्याच्या खाली एक तेजोमेघ हाय. पहिलाच फोटो, अन् लालेलाल! मी तं धुऱ्यावरच नाचली. लगेच आभाळाचे फोटो काढनाऱ्यायच्या ग्रुपवर टाकला. हैदराबादच्या एका मानसानं लिवलं, "मॅडम, हर तारा लाल है. पहले लेन्स साफ कीजिए."

रुमालानं पुसली, तं रुमालाले कुंकू!

दसऱ्याले मामीनं कॅमेऱ्याची पूजा केली होती. तुमी दरसाली टोपन लावून पूजेले ठिवत होते, हे तिले कोन सांगनार? तिनं कुंकवाचं बोट बरोबर काचेच्या मधोमध टेकवलं होतं. मी तनतनत गेली, तं म्हने कशी, "मंग? देवाले कपायाले लावतो. याले कपाय कुठी हाय वं? डोयाच हाय नुसता."

तवापासून मी लय शिकली. एका फोटोत काहीच दिसत नाही. आभाळासंगं हळूहळू फिरनाऱ्या छोट्या यंत्रावर कॅमेरा बसवाचा, एकाच जागेचे खूप सारे फोटो काढाचे, अन् कॉम्प्युटरवर एकावर एक रचाचे. गोधडीचे थर असतात तसे. मंग फोटोतली दानेदार कचकच खाली बसते अन् ढग वर येते. दवानं लेन्स ओली होते, म्हून मी मोज्यात गरम ज्वारी भरून लेन्सभोवती बांधते. आई वरडते, "भाकरीची ज्वारी कॅमेऱ्याले चारतं काय?" पन काच कोरडी राह्यते! मले जमते हे, मामा. खरंच जमते.

फक्त लाल येत नोता. ढग यायचा, पन फिका, धुऊन वाळत घातल्यासारखा. कारन सापडलं. फोटो जिथी उमटते, त्याच्या पुढं आत एक बारीक काच असते. ती गडद लाल उजेड अडवते, म्हून लग्नातले चेहरे चेहऱ्यासारखे दिसतात. तुमाले तिनं जन्मभर साथ दिली. पन तेजोमेघाचा लाल नेमका तोच, जो ती अडवते. काच काढाच लागते. अन् एकदा काढली का त्या कॅमेऱ्यातून लग्नाचा फोटो पहिल्यासारखा निघत नाही.

मी मामीले सारं सरळ सांगितलं. काहीच लपवलं नाही.

"अन् मोडला तं?"

"मोडू बी शकते."

"मंग हात नोको लाऊ. त्यायच्या हातचं तेवढंच उरलं हाय माह्यापाशी."

पुरा पावसाळा तसाच गेला. अन् काल तिनंच फोन केला. "ये. उघड. पन आधी त्याच्यानं माहा एक फोटो काढ. त्यायच्या खुर्चीवर."

मामा, साऱ्या मुलखाच्या नवऱ्या तुमी त्या खुर्चीवर बसवल्या, अन् मामीले एकदाही नाही? काऊन? ती म्हने, "ते म्हनत, घरचं मानूस हाय, कवाबी काढू." कवाबी म्हंजे कवा, मामा? सांगा न आता!

तुमी आनलेली मोरपंखी साडी नेसून आली ती. बसली, पाठ ताठ, हात मांडीवर, शाळेतल्या पोरीसारखी. मी कॅमेऱ्याले डोळा लावला, अन् हायवेवरून ट्रक आला. फरशी थरथरली. माह्या तोंडातून आपोआप तुमचं वाक्य निघालं, "हलू नका, ट्रक जाऊ द्या!" मामी खुदकन हसली. तवाच मी बटन दाबलं.

मंग उघडला. स्टीलच्या वाटीत बारके स्क्रू ठिवले. हात हालला नाही, तुमची शपथ. काच निघाली, टपालाच्या तिकिटाएवढी, निळसर. सारं परत बसवलं अन् तपासाले समोर मामीच होती, ती खुर्चीवरून उठलीच नोती. दाबलं. चालला, मामा!

फोटोत सारंच लाल. मागचा पडदा, मोरपंखी साडी, मामीचं तोंड, कपाळ. तुमी गेले तवापासून तिचं कपाळ सुनं हाय. तिनं कॅमेरा डोळ्याजवळ धरला. लय वेळ पाहत राह्यली. मंग बोलली, "बाई वं! एवढी लाली याच्यात येत होती, अन् काचेनं अडवून ठिवली होती?"

ती काच आता शोकेसमंधी हाय, कॅमेऱ्याच्या जागेवर. मामीचा फोटो उद्या फ्रेम होते. अन् शब्द देते तुमाले: यंदाच्या दसऱ्याले कुंकू लागंन, पन टोपनावर. थंडीत मृग वर आला का तो लाल मी धरीन, मोठा छापीन, तुमच्या हाराच्या फोटोच्या बरोबर समोर लावीन. कूस बदलाले जागा ठिवनार नाही. पाहाच लागंन. लोकायनं काढलेला नाही, मामा. म्या काढलेला.

तुमची भाची,
वैशू