हो मावशी

रविवार, ४ जानेवारी
आधीच माफी मागते. शुद्धलेखन कच्चं आहे, आठवीतच शाळा सोडली. टायपिंगही हळू, ह्या कीबोर्डावरची अर्धी अक्षरं पुसलीत. पण आज मी खुश आहे. मामाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागले. आमच्या इर्बिद शहरातल्या बायका आपलं मशीन पुरुषाच्या हातात देत नाहीत, आत घरातले उघड्या डोक्याचे फोटो असतात. म्हणून मी. मामा म्हणाला, सबा, तू तोंडच उघडत नाहीस, गुपितं जातील कुठे? मला दिवसभर दोनच शब्द पुरतात. हो मावशी.

मंगळवार, ६ जानेवारी
आज विंडोजची सीडी बनवायला शिकले. जुन्या सीडीवरून विंडोज टाकलं की मागून एकेक अपडेट घालत बसावं लागतं, अख्खी दुपार जाते. त्यापेक्षा सीडीतल्या फायली काढायच्या, अपडेट त्यांच्यातच मिसळायचे, नवी सीडी बनवायची. मग मशीन सगळं घेऊनच जन्माला येतं. मामा म्हणाला, झातरचा मसाला रोटीवर भुरभुरायचा नाही, पिठातच मळायचा. मी विचारलं, मळलेलं परत वेगळं करता येतं? तो हसला. करून दाखव, म्हणाला.
पहिली सीडी माझ्या हातची.

शनिवार, १० जानेवारी
उम्म राकान मावशी हसत आल्या. आम्ही विंडोज टाकून दिलेलं त्यांचं मशीन चालू केलं की "हो मावशी" म्हणतं. माझ्याच आवाजात. इथे लाजतेस आणि आमच्याकडे येऊन गोड बोलतेस होय गं, म्हणाल्या. मामाला वाटलं मी चावटपणा केला. पण दुकानात माईकच नाहीये.
मला उत्तर द्यायचं होतं. ते दोन शब्द निघालेच नाहीत. नुसती मान हलवली. कोणालाच काही वाटलं नाही.

सोमवार १२
नवे अपडेट आले. नको नको म्हणत होते, मामा ऐकेना. मिसळले.

बुधवार
बायकांचे फोन. नव्या सीडीची त्यांची मशीनं "नको, नको" म्हणतायत. मामा म्हणतो, स्पीकर भिकार आलेत. अजून सीड्या कर, अम्मानहून ऑर्डर आहे. मला नको म्हणायचं होतं — तो शब्द आता माझ्याकडे नाही. मान हलवली. त्याला ती हो वाटली.

गुरुवार
सीडीतल्या फायली उघडून बघितल्या. मी कुठेच सापडत नाही. सगळीकडे मळलंय. जुनी सीडी मामाने फेकली — घरी आई म्हणाली, राहू दे तिला, ती अशीच गप्प असते —

शुक्रवार
मामाने बक्षीस म्हणून मशीन घरी आणलं. आमच्याच सीडीचं. लैथने, धाकट्या भावाने, चालू केलं. ते "आई" म्हणालं.
आई स्वयंपाकघरातून धावत आली. आले गं सबा — माझ्यासमोरून गेली —
मी त्याच्यावरच टाईप करतेय. आई शेजारी बसलीय. पडद्याला विचारतेय, जेवलीस का. मी तिचा हात धरला, तिने माशी झटकावी तसा —
हाक मारायला तो शब्द — आता बोटांतूनही शब्द —
टीव्हीवर सांगतायत अजलूनच्या डोंगरात बर्फ पडलाय, रविवारी शाळांना सु