मामाचा फ्लेक्स

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. कोयते घेऊन चोर मामाच्या घरात शिरले, मामाने परवान्याच्या बंदुकीने एकाच्या पायावर गोळी झाडली. स्वसंरक्षण म्हणून कोर्टाने सोडलंही. आता तोच चोर पायाची भरपाई मागतोय! हरलो तर आधीच्या खटल्यातून उरलेली मामाची जमीनही जाणार.

आणि तो फ्लेक्स! गावच्या पोरांनी चौकात लावला, बंदूक घेतलेला मामा, खाली ‘आमचा वाघ’. मामाने उतरवू दिला नाही. चोराच्या वकिलाने त्याचाच फोटो कोर्टात दिलाय.

आमचे नारायण पेठेतले वकील आज म्हणाले, "अहो, आपण घाबरला होतात की शिकारीला निघाला होतात, ते एकदा ठरवा. घाबरलो होतो, एवढंच साक्षीत सांगायचंय."

"भ्यालो व्हतो म्हणू? गावात तोंड कसं दाखवू?" मामा.

अरे, जमीन गेल्यावर कुठलं तोंड दाखवणार आहेस? असं मनात आलं.

मामी म्हणाली, "गोळी झाडल्यावर हे माझा हात धरून रडत व्हते."

"तू गप बस!" मामा तिच्यावरच खेकसला.

मामीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वकिलांना म्हणाली, "साक्षीला माझं नाव घाला."