उताराकडची बाजू

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघ्यांची कुरकुर कमी झाली का? भाऊजी कानातलं यंत्र घालतात, की अजून सोयीपुरतंच ऐकतात? मी ठीक आहे. (या वाक्यावर तुझा विश्वास नसतो, ठाऊक आहे, पण ते लिहिल्याशिवाय माझं पत्र पुढे सरकत नाही.) भाचीला कॅम्पिंगला जायचंय म्हणून तू हिची स्लीपिंग बॅग मागितलीस. ही जाऊन अकरा महिने झाले, बॅग माळ्यावर नुसती पडून असेल, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, असं लिहिलंस. तुझं चुकलं नाही काही. पण आधी माझी काय गत झाली ते ऐक, म्हणजे उत्तराला उशीर का झाला ते कळेल.

गेल्या आठवड्यात मी एकटाच तळ्याकाठी जाऊन आलो. वीस वर्षं आम्ही दोघं दर वर्षी त्याच झाडाखाली तंबू ठोकायचो, म्हटलं यंदाही जावं. (घरी बसून तरी काय दिवे लावणार होतो!) मॅटमध्ये हवा भरली, वर बॅग अंथरली, आत शिरलो, गळ्यापर्यंत चेन ओढली. अर्ध्या तासात मी मॅटच्या बाहेर, थंडगार जमिनीवर, नाक तंबूच्या कापडात. बॅग गुळगुळीत, मॅट तिच्याहून गुळगुळीत, आणि मी आत हातपाय बांधल्यासारखा. वळवळत वर चढलो, पुन्हा खाली. अडसर म्हणून बूट लावले, तर बुटांसकट घसरलो. मग पाण्याचा कॅन लावला. त्याचं झाकण नीट बसलं नव्हतं, त्यामुळे उरलेली रात्र ओल्यात काढली. ताई, या वयात असं कुडकुडताना माणसाला स्वतःचीच इतकी चीड येते की विचारू नकोस.

तू म्हणशील, अरे, तीस वर्षं लोकांचे सोफे शिवतोस आणि तुला एक बॅग जागेवर ठेवता येईना? मलाही तेच झोंबलं. उजाडल्यावर गाडीतली पेटी काढली. दाभण, जाड दोरा, रेक्झिनच्या उरलेल्या दोन पट्ट्या. म्हटलं, मॅटला पट्टे शिवायचे, त्यांनी बॅग आवळायची, विषय संपला. हाताला सवय फोमच्या गादीची, हात कशाला विचारतोय आत काय आहे म्हणून! पहिलाच टाका घातला आणि खालून फुस्स झालं. मला वाटलं, साप. अंगावरच्या पांघरुणासकट तंबूबाहेर उडी मारली आणि तिथल्या राखणदाराला हाका मारमारून काठी घेऊन बोलावलं. तो आत वाकला, काठीनं दोनदा ढोसलं आणि बाहेर आला. (मॅट तोवर चादरीसारखी सपाट झाली होती.) त्यानं दाभणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हसला नाही बिचारा. एवढंच विचारलं, "काका, या खेपेला काकू नाही आल्या?"

मी सांगितलं. त्यानं काठी खाली ठेवली. मग म्हणाला, ही जागा उताराची आहे, मी काकूंना पहिल्याच वर्षी सपाट जागा दाखवली होती. पण त्या म्हणाल्या, ह्यांना उठल्याबरोबर तळं दिसायला हवं, ह्यांना काही सांगू नका, मी खालच्या अंगाला झोपते.

वीस वर्षं, ताई! वीस वर्षं मी तिच्या पाठीवर सगळा भार टाकून घोरत होतो आणि लोकांना सांगत होतो, मला बाहेर काय छान झोप लागते. सकाळी ती पाठ धरून उठायची आणि मी म्हणायचो, जरा व्यायाम करत जा. असं बोलायचो गं मी तिला. त्या फुटक्या मॅटवर बसून भर दिवसा ढसाढसा रडलो. राखणदारानं चहा आणून दिला, तो तसाच गार झाला.

बाकी इकडे सगळं जागच्या जागी आहे, एक मी सोडून. भाऊजींना नमस्कार सांग, जरा मोठ्यानं.

तुझा,
धाकटा

ता. क. बॅगेचं उत्तर राहिलंच. ती माळ्यावर नाही. सवयीनं दोन्ही बॅगा गाडीत टाकल्या होत्या. दुसऱ्या रात्री हिच्या बॅगेत माझे सगळे कपडे कोंबले आणि ती उताराकडे ठेवली. तसूभरही घसरलो नाही. आता ती घरी पलंगावर तिच्या जागी असते. (पलंग सपाट आहे, माहीत आहे मला.) तेव्हा रागावू नकोस, ती मला देववत नाही. भाचीला माझी पाठवतोय. सोफ्याच्या उशा सरकू नयेत म्हणून आम्ही खाली रबरी जाळी घालतो, ती बॅगेच्या खालच्या अंगाला शिवली आहे. मॅटला मात्र दाभण लावू नको म्हणावं.

आणखी एक. भाची कुणाबरोबर जातेय ते मी विचारत नाही. पण जमीन उताराची असली, तर खालच्या बाजूला कोण झोपलंय ते बघ म्हणावं, आणि सकाळी त्याला पाठीचं विचार म्हणावं.

आणि हो, वर मी तुझ्या गुडघ्यांचंच विचारलं. पाठ कशी आहे तुझी?