संयू चुकायला शिकली

मंगळवार पेठ, कोल्हापूर
६ ऑक्टोबर २०२४

ती. क्रांतीआक्कास,
अमरसिंहचा सा. न. वि. वि.

तुझ्या डोंगरात फोनला रेंज न्हाय, म्हणून किती वर्षांनी पेन धरलंय. अक्षराला हसू नकोस.

काळजी संयूची हाय. सातवीपर्यंत पोरीनं पहिला नंबर सोडला न्हाय, आणि आता नववीत गणिताच्या चाचणीत वीसपैकी चार! निम्मा पेपर कोराच. बाई म्हणाल्या की तोंडी विचारलं तर सगळ्या वर्गाच्या आधी सांगते, पण लिहायची वेळ आली की हात आखडतो. मी जरा मोठ्यानं बोललो, तर तिनं दार लावून घेतलं. तिची आई म्हणते, शिकवणी बदलू. तू एवढी वर्षं शाळेत शिकवलंस, तूच सांग.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा अमर

शाहूवाडी
१४ ऑक्टोबर

चि. अमर यास,
आक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे.

शिकवणी बदलू नकोस. पोरीला गणित येतं, पण चुकायची भीती बसलीय. घरी पाहुणा आला की तू काय सांगतोस? आमच्या संयूचं एकदा वाचलं की पाठ! आता एखादं गणित एकदा वाचून सुटलं नाही की तिला वाटतं, हुशारी संपली. ते तुला कळण्यापेक्षा कागद कोरा बरा. असली मुलं माझ्या वर्गात यायची. सगळ्यांत हुशार तीच आणि सगळ्यांत घाबरटही तीच.

दिवाळीच्या सुट्टीत तिला इकडं धाड. तोवर घरात हुशार हा शब्द काढायचा नाही. तुला जमणार नाही, तरी बघ.

जीव आहे म्हणून टोचते.
आक्का

शाहूवाडी
९ नोव्हेंबर

ती. पप्पांना,
संयूचा सा. न.

आत्या फार छळते. आल्या आल्या म्हणाली, म्हशीची धार काढ. थेंब निघेना. वर म्हशीनं लाथ मारून चरवी उडवली आणि मी शेणात बसले. शेजारच्या चिमणाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला रडू येणार होतं, पण हसूच आलं. मी पहिला नंबर काढायचे हे म्हशीला कुठं माहीत!

संध्याकाळी आम्ही भूमिती घेऊन बसतो. आत्या मुद्दाम तिलाही न येणारं गणित काढते. चुकते, जीभ चावते, खोडते, पुन्हा मांडते. मग मीही मांडायला लागले. काल एक सुटलं, तेही माझ्या पद्धतीनं.

पप्पा, समोर असते तर हे बोलले नसते. चाचणीत मला बरीच गणितं अर्धी येत होती. अर्धी लिहिली असती तर सगळ्यांना दिसलं असतं की मला अर्धीच येतात.

तुमची लाडकी (अजून आहे ना?)
संयू

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२० डिसेंबर

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

ह्या खेपेच्या गणिताच्या चाचणीत वीसपैकी अकरा, आणि एकही प्रश्न कोरा न्हाय. शेवटचं गणित पानभर लिहून खोडलंय, खाली परत मांडलंय.

बाईंनी तेच तिला फळ्यावर सोडवायला लावलं. मध्येच चुकली, पोरं हसली. हे ऐकून मीच गार पडलो. पण तिनं सगळ्यांना थांबायला सांगितलं, पुसून परत मांडलं आणि घंटा झाली तरी खडू सोडला न्हाय.

घरी आली ती सायकल तशीच आडवी टाकून. मला ओढून खाली बसवलं आणि फरशीवर खडूनं तेच गणित सांगाय लागली. पहिल्या ओळीनंतर मला काय कळंना. आधी मी नुसती मान हलवली. मग म्हटलं, संयू, मला हे येत न्हाय. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, सगळं पुसलं आणि परत पहिल्यापास्नं सुरू केलं.

अजून डोक्यात शिरलं न्हाय. उद्या दुकानातनं लवकर येऊन परत बसणार हाय.

असाच कान धरत राहा.
तुझा अमर