सासऱ्यांच्या पायरीपर्यंत दोनशे मीटर

२ मार्च
ठरलं. बावीस तारखेला सासऱ्यांची पंचाहत्तरी. नदी पोहून थेट त्यांच्या घराच्या पायरीवर उतरायचं. लग्नाला सोळा वर्षं झाली, तरी मी त्यांच्या लेखी अजून ‘तो’च. जन्मभर होडी चालवलेला माणूस. पाण्याला घाबरणारा जावई त्यांना खपत नाही. आता तोंडात बोटं घालतील.

५ मार्च, सकाळी सहा
स्विमिंग पूल. मिनिटाला चाळीस मीटर! नदी दोनशे मीटर रुंद. म्हणजे पाच मिनिटं. गणितात मी पहिल्यापासून हुशार.

६ मार्च
गेलो नाही. विश्रांती हाही सरावच.

७ मार्च
सराव चालू.

९ मार्च
बायकोला सांगितलं. ती शाळेत फिजिक्स शिकवते, त्यामुळे साधं बोलणं होत नाही. म्हणाली, चाळीस ही तुझी नुसती चाल, अदिश राशी. वेग सदिश, त्याला दिशा असते. नदीलाही वेग आहे, दोन्हींची बेरीज होणार आणि तू भलतीकडे निघणार. मी म्हटलं, दिशा सरळ आहे, पायरी समोर दिसते. ती म्हणाली, तुला दिसते, पण नदी तुला विचारून वाहत नाही.
मत्सर.

१४ मार्च
मायलेकी नदीवर रिकामी बाटली सोडून स्टॉपवॉच लावत होत्या. इथे माणूस इतिहास घडवतोय आणि यांचे पोरखेळ. पिकतं तिथे विकत नाही.

२१ मार्च
सासऱ्यांना फोन केला. उद्या अकराला टॉवेल घेऊन पायरीवर थांबा म्हटलं. ‘बरं’ म्हणाले. सोळा वर्षांतलं पहिलं ‘बरं’. डोळे भरून आले. मग बायकोने फोन घेतला आणि दहा मिनिटं खिदळत होती. केकबद्दल असणार.

२२ मार्च, दुपारी
अकराला उडी. नजर पायरीवर. मिनिटभरात पायरी बाजूला सरकली, मग अख्खं घर. मी हात जोरात मारले. घर थांबेना.
पाय चिखलाला लागले तेव्हा मान वर केली. समोर टेबल, खुर्च्या, केक, सगळे नातेवाईक. पायरीपासून तीनशे मीटर खाली. बायकोने खुणेला काठी रोवली होती. मी काठीपासून चार हातांवर बाहेर आलो. ती म्हणाली, बाटलीच्या प्रयोगात एवढा फरक चालतो.
सासरे टॉवेल घेऊन पुढे आले. म्हणाले, आम्ही होडीचं तोंड प्रवाहाच्या उलट तिरकं धरायचो, तेव्हा कुठे ती समोर लागायची; विचारायचं तरी. मग बायकोच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, तू सांगितलंस तिथेच आला तो.
लेकीच्या स्टॉपवॉचवर बरोबर पाच मिनिटं होती. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.