कोंबडी उठेस्तोवर

ती. बायजीताईस,

धाकट्या भिकीचा पाया पडून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? पावसात धरतो का? डॉक्टरच्या गोळ्या घेतेस की उशाखाली जमवतेस? (जमवतेसच.) दाजींचा खोकला, वाणगावचा बाजार, तुझी बदकं, सगळ्यांची खुशाली कळव. आमची भाताची आवणी आटोपली आणि मी फार आनंदात आहे. इतकी, की एवढ्या चार ओळी लिहिताना तीनदा उठले. (फोनवरच सांगितलं असतं, पण घरात योगिता असते आणि भिंती कुडाच्या.)

आनंद या योगिताचाच. माझ्या सुनिलची पोर यंदा सहावीत गेली. पाचवीत गणितात पडता पडता राहिली, म्हणून सुनिलनं जूनमध्येच सांगून टाकलं, पहिल्या चाचणीत निम्मे मार्क नाही पडले तर दिवाळीनंतर हॉस्टेल. तिथं म्हणे घंटेवर उठवतात, घंटेवर बसवतात. अगं, सुनिल अच्छाडच्या गॅरेजात, घरी येतो रविवारी. सून कविता कंपनीतून येते ती अंधार पडल्यावर. पोर गेली तर मी दिवसभर बोलू कुणाशी, कणगीशी?

म्हणून शाळेत पालकांना बोलावलं तेव्हा मीच गेले, कविताची निळी साडी नेसून. दक्षाबाईंनी फळ्यावर लिहिलं: रोज एकच जागा, एकच वेळ, मोबाईल लांब, जवळ घरातलं मोठं माणूस. असं एकवीस दिवस केलं की अभ्यासाची सवय लागते. मी म्हटलं, बाई, हे तर आमच्या कोंबडीला शाळेत न जाता येतं. सगळे हसले. (मी हसायला म्हटलंच नव्हतं.) आमची तांबडी त्याच सकाळी खुडूक होऊन कणगीमागं चिकूच्या करंडीत अकरा अंड्यांवर बसली होती. तिचेही दिवस एकवीसच, आणि जागा अशी की टीव्ही दिसत नाही. मी योगिताचा पाट करंडीशेजारी मांडला. संध्याकाळी पाच ते सात अभ्यास, आणि कोंबडी उठली तरच उठायचं. खुडूक कोंबडी त्या वेळेला उठत नाही, हे मला माहीत, पोरीला नाही.

पहिले दोन दिवस पोरीला तहान काय लागली, मुंग्या काय आल्या, पेन्सिल काय हरवली. ती तांबडीनं करंडीत ओढून घेतली होती, काढायला गेली तर चोच मारली. मग बसली बाई. मी बसले होतेच, मोठं माणूस म्हणून. पण ताई, बसणं म्हणजे काय कष्टाचं काम आहे. एकदा वाटलं सरपण भिजतंय, एकदा वाटलं शेजारच्या काकड्याची शेळी मिरच्यांत शिरली. (शिरली नव्हती, पण मी बघायला गेले म्हणून फाटक उघडं राहिलं, मग शिरली.) नवव्या दिवशी माझी ये-जा सोसेना तेव्हा तांबडीच रागावून उठली आणि ओट्याखाली जाऊन बसली. मी तिच्या मागं सूप घेऊन पळतेय, अंडी गार होतायत. आत येऊन बघते तर योगितानं अंड्यांवर बापाचा स्वेटर घातलेला, करंडी पोटाशी धरलेली आणि अपूर्णांक चाललेले. मी म्हटलं, कोंबडी उठली, आता तू ऊठ की. ती म्हणाली, “आजी, कुणीतरी बसायला हवं ना.”

माझे डोळे भरले, मी पुन्हा बाहेर गेले.

एकविसाव्या दिवशी नऊ पिलं निघाली. तांबडी उठली, योगितानं वही मिटली. म्हणाली, झालं उबवून. त्यानंतर आज पाच दिवस पाट रिकामा आहे आणि चाचणी पुढच्या आठवड्यात. बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार.

तुझी,
भिकी

ता. क. तुझ्या बदकाची नऊ अंडी चिमणच्या टेम्पोतून पाठव, भाताच्या तुसात नीट घालून. आमची दुसरी, काळी कोंबडी खुडूक झालीय. बदकाच्या अंड्यांना अठ्ठावीस दिवस लागतात, त्यात चाचणी सहज निघून जाईल. योगिताला बोलू नकोस, तिला वाटेल कोंबडीचीच आहेत.

ता. क. दुसरा. माझी शाळा दुसरीपर्यंत, म्हणून पत्र चुका काढायला योगिताकडं दिलं आणि आत काय लिहिलंय ते विसरले. तिनं जागची न हलता शेवटपर्यंत वाचलं. म्हणते, पाच दिवस ती शाळेच्या ओट्यावर बसतेय, पाच ते सात, रोज. अपूर्णांक संपले, दशांश चालू आहेत. घरी आजी बसू देत नाही म्हणाली. (मला वाटायचं खेळायला जाते.)

अंडी तरी पाठवच. योगिता म्हणते, सवय कुणाला लागली नसेल तर ती आजीला, आता करंडीशेजारी आजीनं बसायचं आणि ती पाहणार. अठ्ठावीस दिवस. सुनिलला यातलं काही कळू देऊ नकोस, नाहीतर हॉस्टेलात मला घालील.